पाळकांच्या मेजाबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की ३८ हजार घेऊन डागाळलेलं मेज पाठवलं, उजवा खण अडतो आणि ते पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं, असल्याचा काहीच पुरावा नाही.

खणाची चूक माझी. मे महिन्यात, जालन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आम्ही तो बसवला आणि नांदेडला तुमच्याकडे पाठवला भर पावसात. सागवान असलं तरी ओल धरून रुंदीला फुगतंच. आमचे मिस्त्री येत्या रविवारी येतील. तोवर स्थानिक सुताराकडून रंधा मारून घेऊ नका, उन्हाळ्यात खण खुळखुळा होईल. खाली पट्ट्यांवर मेणबत्ती घासा, बराच फरक पडेल.

डाग मात्र मी मुद्दाम ठेवलेत. जुन्या शाईत लोह असायचं, ते लाकडातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याशी मिळून काळं पडतं आणि आत उतरतं. घासून काढायचं तर वरचा जुना थरही जातो. दौत उजव्या हाताला असायची, डाग तिथेच आहेत. पुढच्या कडेचं पॉलिश दोन्ही कोपरांखाली झिजलंय, तेही बघा. ज्यांच्याकडून घेतलं त्या बाईंनी सांगितलं, आजोबा शनिवारी रात्री इथेच बसून रविवारचा उपदेश लिहायचे. ती झीज पॉलिशखाली गाडायला माझं मन धजलं नाही. पण फोटोत डाग दिसत नव्हते आणि मी तुम्हाला आधी विचारलं नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. माफ करा.

पुराव्याचं म्हणाल तर कागद नाही, कुटुंबाचा शब्द आहे. बिलावर ‘पाळकांचं मेज’ एवढंच लिहिलं, ‘कुटुंबाच्या सांगण्यानुसार’ हे शब्द राहिले. सुधारलेलं बिल पाठवतो. जालन्यात जुनं पाळकांचं सामान म्हटलं की लोक लगेच जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणाऱ्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींचं नाव घेतात. गिऱ्हाईक खूश होतं म्हणून मीही ते घेऊ शकलो असतो. तुमच्याशी बोलताना घेतलं नाही, कुणाशीच घेत नाही.

तरीही मेज नको असेल तर पूर्ण ३८ हजार परत देतो, टेम्पोचं भाडं माझ्याकडे. निर्णय होईपर्यंत त्यावर गरम चहाचा कप तेवढा ठेवू नका. पॉलिश लाखेचं आहे, पांढरा गोल उठतो.