तीन वाजेपर्यंत अंगणात दिसायचं नाही

पाऊण कपाची तिप्पट किती? माझ्या विद्यार्थिनीने पटकन सांगितलं, दोन कप आणि वर पाव. तेच मी कागदावर ३/४ गुणिले ३ असं लिहिलं तर मात्र गप्प. अंश काय, छेद काय, कुणी सांगितलंच नव्हतं. नऊ भावंडांसाठी रोज कॉर्नब्रेड करून करून अपूर्णांक हातात बसले होते, कागदावर कधी उतरले नव्हते. मला आजीची पावकी-निमकी आठवली.

मी टेक्सासमध्ये राहते. दर मंगळवारी संध्याकाळी गावच्या लायब्ररीत जीईडीचं गणित शिकवते. शाळा अर्धवट सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी ही बारावीच्या तोडीची परीक्षा: गणित, भाषा, विज्ञान, समाजशास्त्र. ही सव्वीस वर्षांची मुलगी मात्र शाळेत कधी गेलेलीच नाही. (तिला विचारून लिहितेय. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.)

लिहायला कारण झालं आमच्या दहावीच्या ग्रुपवर आलेल्या एका व्हिडिओचं. अमेरिकेतलं होमस्कूलिंग, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणं. लाकडी टेबल, सहा गोंडस मुलं, बाबा बायबल वाचून दाखवतायत. खाली आमच्या मैत्रिणींचे बदामच बदाम. 'शाळा म्हणजे तुरुंग गं, यांचं बघ!' बघितलं. मला आधी दिसलं ते थोरल्या मुलीच्या कडेवरचं बाळ. एका हाताने बाळ सावरत ती दुसऱ्या हाताने लिहीत होती.

माझी विद्यार्थिनीही अशीच घरी शिकलेली. आता हिच्या घरचे नियम ऐका. दुपारी तीनपर्यंत अंगणात दिसायचं नाही, कारण तोवर बाकीची मुलं शाळेत असतात, शेजारी विचारतील. बेल वाजली की लहानग्यांना घेऊन मागच्या खोलीत, खिडकीपासून लांब. सरकारी माणसं मुलं उचलून नेतात, हे हिला अक्षरओळखीच्या आधी पाठ. सांगितलेलं काम पहिल्या हाकेला आणि हसऱ्या चेहऱ्याने करायचं, तोंड वाकडं झालं तर तोही आज्ञाभंग. मार खाल्ल्यावर मारणाऱ्याला मिठी मारून थँक यू म्हणायचं. रांगतं बाळही त्यातून सुटत नाही. त्याला चादरीवर बसवायचं, आवडतं खेळणं चादरीबाहेर ठेवायचं, हात पुढे गेला की चापट. 'ब्लँकेट ट्रेनिंग' म्हणतात याला, आणि अशा कट्टर ख्रिस्ती मंडळींत आया एकमेकींना ते शिकवतात. नवव्या वर्षी त्या चादरीपाशी राखणीला हिला बसवलं होतं. हे सांगताना ती माझ्याकडे नाही, वहीकडे बघत होती.

छडीवरून आपण नाक मुरडायला नको. माझ्या चौथीच्या बाईंची पट्टी मला अजून आठवते. पण माझ्या हातावरचा वळ संध्याकाळी आईला दिसला आणि दुसऱ्या दिवशी आई शाळेत जाऊन थडकली. घराचं शाळेवर लक्ष होतं, शाळेचं घरावर. हिच्याकडे आई, बाई, मुख्याध्यापक आणि देवाचा निरोप आणणारा, सगळं एकाच छपराखाली. गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे?

मुख्याध्यापक म्हटलं ते उगाच नाही. कॅलिफोर्नियातल्या पेरिस गावी एका बापाने स्वतःचं घरच खासगी शाळा म्हणून नोंदवलं होतं, मुख्याध्यापक तो स्वतः. जानेवारी २०१८मध्ये सतरा वर्षांची मुलगी खिडकीतून निसटली आणि तिने ९११ला, पोलिसांच्या तातडीच्या नंबरला, फोन केला, तेव्हा तिच्यासह तेरा भावंडं घरात डांबलेली, बहुतेक उपाशी ठेवलेली, काही साखळ्यांनी बांधलेली आहेत हे जगाला कळलं.

या वळणाच्या मंडळींत बिल गॉथर्ड या ख्रिस्ती उपदेशकाचं नाव मोठं. त्यांच्या संस्थेने १९८४मध्ये घरशिक्षणाचा अभ्यासक्रम काढला. शिकवणीत छत्र्यांचं चित्र: सर्वांत वर ख्रिस्ताची छत्री, खाली नवऱ्याची, त्याखाली बायकोची. छत्रीबाहेर पाऊल टाकलंस तर सैतान आहेच. लैंगिक छळाचे आरोप झाल्यावर २०१४मध्ये गॉथर्ड पायउतार झाले. छत्र्या अजून उघड्याच आहेत.

आणि कायदा? टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये घरच्या शाळेला खासगी शाळेचा दर्जा दिला. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व एवढं शिकवलं की झालं. विज्ञान यादीतच नाही. परीक्षा नाही, तपासणी नाही. हिला पेशी म्हणजे काय हे पंचविसाव्या वर्षी कळलं.

त्याहून वाईट म्हणजे कागद. जन्म घरी, नोंद नाही. शाळेचा दाखला कुठून असणार! एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं तेव्हा ती जन्मली आहे हे सांगणारा एकही कागद नव्हता. म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) नाही, लायसन्स नाही, नोकरी नाही. अशाच एका टेक्सासच्या तरुणीने २०१५मध्ये 'मी आहे हे सिद्ध करायला मदत करा' म्हणून व्हिडिओ टाकला, तो गाजला. त्याच वर्षी इथे कायदा झाला की जन्माचे पुरावे द्यायला नकार देणाऱ्या आईबापावर गुन्हा. त्याच जोरावर हिने कागद मिळवले. तरी चौदा महिने गेले.

'सगळेच असे नसतात' हे लिहायला येणाऱ्यांनो, मान्य. आमच्याच गावात एक मराठी कुटुंब मुलाला घरी शिकवतं, पोरगं हुशार आहे, आनंदात आहे. मला त्यांची शाळा बंद करायची नाही. वर्षातून एकदा घराबाहेरच्या एका जाणत्या माणसाने मुलाला एकट्याने भेटावं, एवढंच मागणं आहे. घरी शिकून मोठ्या झालेल्या लोकांनीच २०१३मध्ये 'कोअलिशन फॉर रिस्पॉन्सिबल होम एज्युकेशन' ही संस्था काढली, तीही देखरेख मागते. समोर घरी शिकवणाऱ्या पालकांची १९८३पासूनची 'होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन', वकिलांची फौज घेऊन. पालकांचा हक्क! मुलाचा हक्क म्हटलं की हीच माणसं दचकतात.

हिचा सर्वांत धाकटा भाऊ सात वर्षांचा, अजून त्याच घरात. मागच्या महिन्यात हिने धीर करून मुलांच्या छळाची तक्रार घेणाऱ्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी मुलाचं नाव, वय, पत्ता लिहून घेतला. मग विचारलं, शाळा कोणती?