दहाला झोपलं की चेहरा उजळतो म्हणे

आमच्या फॅमिली ग्रुपवर हा मेसेज महिन्यात तिसऱ्यांदा आला: ‘रात्री १० ते २ ही त्वचेच्या दुरुस्तीची वेळ. ती चुकली तर नंतर कितीही झोपा, उपयोग शून्य. दहाला झोपा, सात दिवसांत डोळ्यांखालची वर्तुळं गायब, महिन्याभरात मुरुम साफ, क्रीमची गरजच नाही.’

झोपेचा चेहऱ्याशी संबंध आहेच. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३ जणांचे फोटो काढले होते, एकदा पुरेशा झोपेनंतर आणि एकदा जागरणानंतर. ६५ अनोळखी लोकांना ते दाखवले, तर जागरणाचे चेहरे त्यांना जास्त थकलेले आणि कमी निरोगी वाटले. मात्र हा फरक तात्पुरता. मेसेजवाल्याने त्यावर चार मजले चढवलेत.

आधी ते १० ते २. शरीराच्या वाढीला आणि दुरुस्तीला मदत करणाऱ्या वाढीच्या संप्रेरकाची (ग्रोथ हार्मोनची) मोठी लाट येते ती घड्याळातल्या दहाला नाही, तर झोप लागल्यानंतरच्या पहिल्या गाढ टप्प्यात. झोपायला उशीर झाला की लाटही उशिरा येते, हे १९६८ सालीच दिसून आलं होतं. त्वचेच्या पेशींना दिवस-रात्रीची स्वतःची लय असते, हेही खरं. रात्री त्वचेतून पाणी जास्त उडतं, इसब असलेल्यांना रात्री खाज जास्त सुटते. पण म्हणून दोन वाजले की कोणी शटर पाडत नाही.

माझी वहिनी नर्स आहे, नाइट ड्युटीवाली. सकाळी नऊला घरी येते, खिडकीवर जुनी गोधडी टांगते आणि झोपते. दीड तासात कुरियरवाला बेल वाजवतो, मग शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, मग भंगारवाला. पाळ्यांची नोकरी शरीराला जड जाते, त्यात वाद नाही. पण तिला ‘तुझे दहा ते दोन गेले’ असं ऐकवण्यापेक्षा घरच्यांनी बेलचं बटण बंद करावं.

आता वर्तुळं. मावशी गेली चाळीस वर्षं साडेनऊला अंथरुणात असते. तरी तिच्या डोळ्यांखाली वर्तुळं आहेत, आणि आजीच्या लग्नाच्या फोटोतही अगदी तशीच दिसतात. आपल्याकडे याला बरेचदा आनुवंशिक रंगद्रव्य कारण असतं. कुणाची त्वचा पातळ असल्याने खालच्या शिरा दिसतात, कुणी अ‍ॅलर्जीमुळे सतत डोळे चोळतं, कुणाला वयानुसार खळगा पडतो. आरसा घेऊन खिडकीकडे तोंड करा आणि हनुवटी जरा वर उचला. काळपटपणा फिका झाला तर ती बरीचशी खळग्याची सावली आहे. सावली झोपेने कशी जाईल?

मुरुमांचं थोडक्यात सांगते: संप्रेरकं, तेल, बुजलेली छिद्रं आणि जिवाणू. औषधालाही सहा-आठ आठवडे लागतात, आणि तोवर ‘झोपेने जातील’ म्हणून अंगावर काढलं तर खड्डे राहू शकतात.

आणि ‘क्रीमची गरजच नाही’ हे वाक्य मला सगळ्यात खटकतं. सुरकुत्या आणि डाग यांमागे ऊन हे फार मोठं कारण आहे, आणि रात्रीची झोप दुसऱ्या दिवशीचं ऊन अडवत नाही. मावशी वेळेवर झोपते, पण भाजीला जाते भर बारा वाजता. गालांवरचे वांग त्या उन्हाने वाढलेत. परवा तिला सनस्क्रीनची ट्यूब नेऊन दिली. तिने उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “ही रात्री दहाच्या आधी लावायची ना गं?”