शिंपल्याची भुकटी खाऊन हाड जुळत नाही: व्हायरल मेसेजला मुद्देसूद उत्तर

गोव्यातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘हाडाला पर्याय सापडला! समुद्रातल्या शिंपल्यांपासून शास्त्रज्ञांनी सिरॅमिकचं हाड बनवलं. नैसर्गिक असल्यामुळे शरीर ते शंभर टक्के स्वीकारतं. आता प्लेट, सळ्या, स्क्रूची गरज नाही. तिसऱ्यांच्या शिंपल्या घरी भाजून चिमूटभर भुकटी दुधातून घेतली तरी मोडलेलं हाड तसंच जुळतं. डॉक्टर हे सांगणार नाहीत.’ काही गटांवर त्याखाली कुणीतरी उलटी पुस्तीही जोडली आहे: ‘सिरॅमिक म्हणजे चिनीमाती, कपासारखी फुटते. अजिबात बसवून घेऊ नका.’

मी मटेरियल सायन्स शिकवते. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट नावाची पांढरी पूड बनवण्यात, दाबण्यात आणि भाजण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. मेसेजची सुरुवात बरीचशी खरी आहे आणि म्हणूनच पुढचं सगळं लोकांना पटतं. दुचाकीवरून पडून पाय मोडलेला माणूस आपल्याकडे कुठल्या गावात नाही? त्यातल्या एकाने जरी हे वाचून ऑपरेशन लांबवलं, तर वाकडं जुळलेलं हाड त्याला जन्मभर वागवावं लागेल. त्यामुळे एकेक मुद्दा घेते.

‘शिंपल्यांपासून हाड बनवलं.’ शिंपला म्हणजे जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट. आपल्या हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो, पण ते खनिज कॅल्शियम फॉस्फेटच्या जातीचं आहे, थोडं कार्बोनेट मिसळलेलं. शिंपल्यात फॉस्फेट नाही, ते बाहेरून घालावं लागतं. प्रयोगशाळेत शिंपल्या स्वच्छ करून ९०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजतात, त्यांचा कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवून त्यात फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडतात. कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण १.६७ राहिलं पाहिजे. मग गाळणं, धुणं, सुकवणं, साच्यात दाबणं आणि पुन्हा ११०० ते १२०० अंशांवर भाजणं. हाती येतं ते हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, मेसेजमधलं ‘सिरॅमिक’ ते हेच. हाडाच्या खनिजाशी त्याचं जवळचं नातं आहे, पण त्यात कोलॅजन (हाडाला चिवटपणा देणारं प्रथिन) नाही, पेशी नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत. त्याला हाड म्हणता येत नाही.

हाच पदार्थ अंड्याच्या टरफलांपासून, गुरांच्या हाडांपासून किंवा सरळ बाटलीतल्या रसायनांपासूनही बनतो. कच्चा माल तिसऱ्यांचा होता की कारखान्यातला, हे शरीराला कळत नाही. शुद्धता, कणांचा आकार, छिद्रं आणि विरघळण्याचा वेग मात्र त्याला बरोबर कळतो.

प्रमाण चुकलं तर काय होतं, हे जरा जवळून सांगते. कॅल्शियम थोडं जास्त झालं की भाजलेल्या चकतीत सुटा चुना उरतो. भट्टीतून निघताना अशी चकती देखणी दिसते, शुभ्र, टिचकी मारली तर खणखणीत वाजणारी. जूनमधल्या गोव्याच्या हवेत ती टेबलावर उघडी राहू द्या. चुना हवेतलं पाणी ओढून फुगायला लागतो. आधी कडेला केसासारखी चीर दिसते, मग खपल्या सुटतात आणि काही दिवसांनी चकतीच्या जागी भुगा उरतो. म्हणून आम्ही ताज्या पुडीवर फेनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकून बघतो. गुलाबी रंग चढला की चुना उरलाय, तो घाणा बाद. हाडाच्या पोकळीत भरलेल्या तुकड्याचं हे असं झालं तर काय, याचा विचार करा. आणि मेसेज सांगतो की घरच्या चुलीवर शिंपल्या भाजा!

प्रवाळाचंही नाव काही जण यात घेतात. प्रवाळाच्या सांगाड्यातली छिद्रं तशीच ठेवून त्याचं हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट करता येतं, हे डेला रॉय आणि लिनेहान यांनी १९७४ साली दाखवलं, आणि तो माल पुढे शस्त्रक्रियांमध्ये वापरलाही गेला. पण आपल्या देशात दगडी प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं कडक संरक्षण आहे. गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटापाशी बुडी मारून कुणी ‘औषधासाठी’ तुकडा आणणार असेल तर तो गुन्हा ठरेल.

आता सगळ्यात घातक वाक्य: ‘भुकटी दुधातून घेतली तरी तसंच जुळतं.’ नाही जुळत. सिरॅमिक पोटात घेत नाहीत. सर्जन ते हाडाच्या पोकळीत नेमक्या जागी ठेवतो आणि तिथे टेकलं तरच त्याचा उपयोग होतो. खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जातं, आणि रक्तातलं कॅल्शियम शरीर अतिशय काटेकोरपणे राखतं, १०० मिलिलिटरमागे साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम. जास्तीचं कॅल्शियम मोडलेल्या जागेचा पत्ता शोधत जात नाही. ते बरंचसं शौचावाटे आणि लघवीवाटे बाहेर पडतं. आहारात कमतरता असेल, ड जीवनसत्त्व कमी असेल, तर डॉक्टर गोळ्या देतातच आणि त्या घ्याव्यात. पण त्यातलं प्रमाण मोजलेलं असतं.

घरच्या भुकटीत काय असतं? चुलीवर किंवा गॅसवर शिंपला एकसारखा भाजला जात नाही. काही भाग कच्चाच राहतो, काहीचा कळीचा चुना होतो. हा चुना ओला झाला की तापतो, आणि तोंडाची, अन्ननलिकेची आतली कातडी भाजून काढतो. ‘पानाला चुना लावतोच की’ असं एका ओळखीच्या काकूंनी मला ऐकवलं. काकू, तो विरवलेला असतो आणि बोटाच्या टोकाएवढा असतो. तरी तोंड सोलतंच ना? दुसरी गोष्ट शिशाची. शिंपल्यातला प्राणी ज्या पाण्यात वाढतो त्यातले धातू कवचात उतरतात आणि शिसं तर कॅल्शियमच्या जागी सहज बसतं. शस्त्रक्रियेच्या हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटमध्ये शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ३० भाग अशी आखलेली आहे आणि ती तपासावी लागते. जेट्टीजवळ वेचलेल्या शिंपल्यांची तपासणी कोण करणार? शिवाय कॅल्शियम कार्बोनेट दुधाबरोबर दिवसेंदिवस भरपूर घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. वैद्यकात हा आजार जुना आणि माहितीचा आहे. शंखभस्माचा दाखला देणाऱ्यांनाही एवढंच सांगते की वैद्य ते मुख्यतः अम्लपित्तावर देतात, ठरलेल्या संस्कारांनंतर आणि ठरलेल्या मात्रेत. हाडं सांधणं हे त्याचं मुख्य काम नाही.

‘प्लेट, सळ्या, स्क्रूची गरज नाही.’ हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण इथे सिरॅमिकची खरी ताकद आणि खरी मर्यादा दोन्ही दिसतात.

मोडलेलं हाड मुळात स्वतःच जुळतं. जागेवर रक्त साकळतं, त्यातून मऊ गाठ तयार होते, ती कडक होते आणि मग महिनोन्‌महिने हाड खाणाऱ्या आणि हाड बांधणाऱ्या पेशी मिळून तिला आकार देतात. त्यासाठी टोकं जवळ आणि बऱ्यापैकी स्थिर असावी लागतात. मधला तुकडाच नाहीसा झाला असेल आणि फट मोठी असेल, तर शरीर ती एकट्याने भरू शकत नाही. तिथे सिरॅमिक कामाला येतं. दोडक्याच्या वेलीला मांडव लागतो तसा नव्या हाडाला ते आधार देतं. वेल मात्र शरीराचीच असावी लागते. रक्तवाहिन्या आणि पेशी आत शिरायच्या तर छिद्रं किमान १०० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवीत, ३०० च्या पुढे असतील तर उत्तम, आणि ती एकमेकांना जोडलेली हवीत. नुसती बंद पोकळी काही कामाची नाही.

अडचण अशी की छिद्रं वाढवली की बळ घटतं. मांडीचं भरीव हाड दाबाखाली शंभर ते दोनशे मेगापास्कल (दाब मोजण्याचं एकक) सोसतं. भरपूर छिद्रांचं हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट बहुतेकदा दहाच्या आसपासच चुरतं. वाकवलं किंवा पिळलं तर त्याहूनही लवकर. म्हणून भार पेलायला धातू हवाच. स्कूटरवरून पडून गुडघ्याखालचा सांध्याचा पृष्ठभाग खचतो ते उदाहरण घ्या. सर्जन खचलेला भाग वर उचलतो. त्याखाली पोकळी राहते. ती रुग्णाच्या कमरेच्या हाडातल्या तुकड्यांनी किंवा कॅल्शियम फॉस्फेटच्या कणांनी अथवा सिमेंटने भरतात आणि बाजूने प्लेट-स्क्रू लावतात. कमरेचं स्वतःचं हाड आजही सगळ्यात चांगलं मानतात, कारण त्यात जिवंत पेशी असतात. पण ते काढताना दुसरी जखम होते आणि मिळतं तेही मोजकंच. सिरॅमिकमुळे ती दुसरी जखम टळते, आणि माझ्या मते ही फार मोठी गोष्ट आहे. मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही.

धातू आणि सिरॅमिक यांचं वैर तर नाहीच. १९८० च्या दशकापासून कृत्रिम खुब्याच्या टायटॅनियम दांड्यांवर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा मायक्रॉनमध्ये मोजावा असा पातळ थर चढवतात, म्हणजे हाड त्याला येऊन चिकटतं.

‘शरीर शंभर टक्के स्वीकारतं.’ कुठलं सिरॅमिक? अ‍ॅल्युमिना आणि झिर्कोनिया (अ‍ॅल्युमिनियम आणि झिर्कोनियम या धातूंची ऑक्साइडं) शरीरात शांत पडून राहतात, हाड त्यांना रसायनाने जोडलं जात नाही. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटला हाड थेट चिकटतं आणि ते वर्षानुवर्षं तिथे राहतं. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट काही महिन्यांपासून एखाद-दोन वर्षांत विरतं आणि जागा नव्या हाडाला देतं. कॅल्शियम सल्फेट, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचंच शुद्ध रूप, काही आठवड्यांतच जातं, कधी कधी हाड यायच्या आधीच. म्हणून हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट यांचं मिश्रण करून वेग जुळवतात. पदार्थ कितीही चांगला असला तरी जखमेत जंतुसंसर्ग झाला, मधुमेह आटोक्यात नसला, रुग्णाने सिगारेट सोडली नाही, तर काम बिघडू शकतं. ‘नैसर्गिक’ या शब्दाने यातलं काहीच टळत नाही.

‘चिनीमाती आहे, फुटते.’ पुस्ती जोडणाऱ्याची भीती समजण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये पिएर बुतँ यांनी १९७० साली अ‍ॅल्युमिनाचा गोळा आणि अ‍ॅल्युमिनाचीच वाटी असा कृत्रिम खुबा बसवला, आणि सुरुवातीच्या काळातले असे गोळे फुटलेही. २००१ साली झिर्कोनियाच्या काही घाण्यांतले गोळे भाजण्याची पद्धत बदलल्यामुळे फुटू लागले आणि ते बाजारातून परत मागवावे लागले. पण याच झिर्कोनियाचा एक गुण अप्रतिम आहे. चीर पुढे सरकू लागली की तिच्या टोकाजवळच्या कणांची स्फटिकरचना बदलते, ते सुमारे चार टक्के फुगतात आणि चिरेला दाबून धरतात. अ‍ॅल्युमिनात असे कण पेरून केलेले आजचे गोळे फुटण्याचं प्रमाण लाखात मोजकं आहे. काहींच्या सिरॅमिक खुब्यातून चालताना कुरकुर येते, हेही खरं आहे आणि सर्जनने ते आधी सांगायला हवं. कपातली माती आणि हा गोळा यांच्यात कणांची बारकाई, शुद्धता आणि भाजणी यांचं अंतर आहे. शिवाय खुब्याचा गोळा वेगळा आणि फटीत भरायचे कण वेगळे. कण ठिसूळ असतात आणि त्यांच्याकडून भार पेलण्याची अपेक्षाच नसते.

‘डॉक्टर हे सांगणार नाहीत.’ हे लपवायला उशीर झालाय. जर्मनीत ड्रेसमान यांनी हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या ते १८९२ साल होतं. कॅल्शियम फॉस्फेट हाडात घातल्याची नोंद १९२० ची आहे. अमेरिकन पदार्थशास्त्रज्ञ लॅरी हेंच यांना १९६७ साली बसमध्ये व्हिएतनामहून परतलेला एक लष्करी अधिकारी भेटला. तोडावे लागणारे हातपाय वाचवता येतील आणि शरीर नाकारणार नाही असं काही बनवा ना, असं तो म्हणाला. दोन वर्षांत हेंच यांनी हाडाला घट्ट चिकटणारी काच तयार केली. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने आणि कोलकात्याच्या काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने या पदार्थांवर दीर्घ काम केलं आहे. दातांचे डॉक्टर हिरडीखालची झिजलेली जागा भरायला असे कण नेहमी वापरतात. तुमच्या ओळखीत कुणाला ते बसवलेही असतील.

ज्यांना बसवले आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचे कण एक्स-रेमध्ये पहिल्या दिवसापासून हाडासारखेच पांढरे दिसतात. फिल्म बघून घरच्यांना वाटतं की फट भरली, आणि पायावर भार टाकला जातो. तो पांढरेपणा कणांचा आहे की नव्या हाडाचा, हे कणांच्या कडा आणि मधली जागा बघून, जुन्या फिल्मशी ताडून ठरवावं लागतं, आणि अनुभवी डॉक्टरलाही त्यासाठी कधी सीटी स्कॅन लागतो. तेव्हा काठी कधी सोडायची, हे फिल्म खिडकीपाशी उजेडात धरून घरी ठरवू नका. पुढच्या तपासणीला जाताना आधीच्या सगळ्या फिल्म सोबत न्या.