ऑड वाटतं म्हणे!

परवा नौपाड्यात एका लग्नाला निघालो होतो. पाकिटात पाचशेची नोट घालून मी वरचा एक रुपया शोधत होते, तर लेक म्हणाली, "आई, पाचशे एक काय? ऑड वाटतं ते. सरळ जीपे कर."

म्हटलं, अगं बाई, ऑड आहे म्हणूनच तर देतात! जोडीनं भागला जाऊ नये, एक वर उरावा म्हणून.

तेव्हापासून हा शब्द डोक्यात बसलाय. आपल्याकडे त्याच्यावर किती ओझं टाकलंय बघा. न कळवता कुणाकडे जायला ऑड वाटतं (संकोच). साडीवर ते ब्लाऊज ऑड दिसतं (विजोड). ऑड वेळेला फोन आला (अवेळी). पाहुण्यांसमोर असं बसणं ऑड दिसतं, म्हणजे आमच्या आजीच्या भाषेत 'बरं दिसत नाही'. चार वेगळे शब्द होते, चौघांना एकाच डब्यात कोंबलंय.

गंमत म्हणजे हा शब्द इंग्रजीतही बाहेरूनच आलाय. उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेत 'ओड्डी' म्हणजे त्रिकोणाचं टोक. तळाचे दोन कोपरे जोडीनं, तिसरा एकटा. त्यावरून विषम आकडा. दोन्ही बाजूंची मतं सारखी पडली की ज्याच्या मतानं निकाल लागतो, त्या तिसऱ्या माणसालाही तिथे यावरूनच नाव होतं. 'विचित्र' हा अर्थ चिकटला तो पार १६व्या शतकाच्या अखेरीस. कपाटात उरलेला एकटा मोजा मात्र अजून ऑडच, आणि आपला 'विजोड' त्याला अगदी मापात बसतो.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा सभेचा वृत्तांत इंग्रजीत टाकला होता : 'फॉर्टी ऑड मेंबर्स' हजर होते. 'फॉर्टी' आणि 'ऑड'मधली छोटी आडवी रेघ टाकायची राहून गेली. त्यांना म्हणायचं होतं चाळीसेक, झाले चाळीस विक्षिप्त! दोन काका आठवडाभर फुरंगटून होते. (सभा बघितलेल्यांना त्यात फारशी चूक वाटली नाही.)

लहानपणी आम्ही मुठीत चिंचोके धरून एकी की बेकी खेळायचो. एकी म्हणजेच ऑड. त्यात वाईट दिसण्यासारखं काही नव्हतं, उलट बरोबर ओळखलं की चिंचोके आपले!

रुपया काही पर्समध्ये मिळाला नाही. शेवटी लेकीनंच देवघरातल्या डबीतून काढला, हळद लागलेला. फ्रॉकला पुसून पाकिटावर सेलोटेपनं चिकटवला, जरा तिरकाच.