लाइट बिल वाचलं, वास सुटला

नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या फ्लॅट स्कीमच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: जुना एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, नीट करायचा, की कायमचा बंद करून टँकरने उपसा करायचा. खर्च फ्लॅटमागे वाटून घ्या, असं मी इथून अमेरिकेतून लिहिलं. लगेच उत्तर आलं, 'ताई, डॉलरमध्ये कमावून सल्ले देणं सोपं आहे.'

डॉलरचं राहू द्या. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर दिवसातून जेमतेम चार तास चालवतात, का तर लाइट बिल वाचतं. अशा प्लांटची निम्म्याच्या आसपास वीज हवा सोडण्यातच जाते, हे मान्य. पण टाकीतले जिवाणू त्या हवेवरच जगतात. हवा तोडली की घाण कुजते, वास सुटतो, आणि मग म्हणायचं प्लांटच बोगस! डिसेंबरात आले तेव्हा मी झाकण उघडायला लावलं होतं. एका कोपऱ्यात पाणी भदाभदा उसळत होतं, बाकी टाकी थंड. हवेचे बारीक बुडबुडे करणाऱ्या डिफ्यूझरचं रबर फाटलेलं, सगळी हवा तिथूनच पळत होती. त्याला नवे डिफ्यूझर लागतात आणि ऑपरेटरला वेळेवर पगार.

टँकर ती घाण कुठे ओततो, हे कुणी विचारत नाही. नागनदीत पडलेलं कन्हान, वैनगंगा करत गोसेखुर्द धरणात पोचतं. आणि हे कुठे, तर नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था असलेल्या शहरात! भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. आमची स्कीम मात्र मे महिन्यात विकतच्या टँकरचं पाणी झाडांना घालते.

इकडे पेनसिल्व्हेनियात आमच्या बरोत, म्हणजे छोट्या गावात, सांडपाण्याचं बिल दर तिमाहीला वेगळं येतं. मागे दर वाढले तेव्हा लोक कुरकुरले आणि भरून मोकळे झाले. हे मी ग्रुपवर तोऱ्यात लिहिलं. १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टनंतर इथल्या प्लांटच्या बांधकामाला ७५ टक्क्यांपर्यंत केंद्राचं अनुदान मिळत होतं, १९८७ पासून त्याजागी कर्ज येऊ लागलं, हे नाही लिहिलं. स्कीमच्या सेक्रेटरी काकांच्या हाती आयतं कोलीत कशाला द्या?

तशी इथल्या मीटिंगमध्ये मी तोंडही उघडत नाही. ग्रीन कार्डवर मत नाही, आणि माझे उच्चार ऐकून लोक 'सॉरी?' म्हणतात. भांडायला मला बेसाच लागतं. फ्लॅट भाड्याने दिलाय, वास भाडेकरूला येतो, तरी दुरुस्तीचे पैसे मी सगळ्यांच्या आधी पाठवले. सेक्रेटरी काकांनी पावती धाडली, नावापुढे कंसात 'बाहेरच्या'. ते खोडून नवी पावती पाठवा, असं मी ग्रुपवरच कळवलंय.