बेल्जियन लोक फक्त काँगोत गेले? आधी रूबेकडे बघा

‘बेल्जियम पहिल्यापासून सुखवस्तू. तिथली माणसं पोटासाठी कधी देशाबाहेर पडली नाहीत. गेली ती आपल्या वसाहतीत, काँगोत, साहेब म्हणून. अँटवर्प बंदरातून अमेरिकेला जहाजं जायची, पण त्यांत बेल्जियन नव्हतेच.’ हा मजकूर बराच फिरतो आहे. त्यातली जहाजांची गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीचं चूक.

आधी सुखवस्तूपणाचं. १८४०च्या दशकात बेल्जियमच्या उत्तरेकडच्या फ्लँडर्सची खेडी लिननच्या सुतावर आणि हातमागावर जगत होती. गिरणीच्या सुतानं तो धंदा बसवला, १८४५ला बटाट्यावर करपा पडला आणि पाठोपाठ टायफस आला. माणसं सरहद्द ओलांडून फ्रान्समधल्या रूबे, तूर्क्वां, लील इथल्या कापडगिरण्यांत गेली. १८७०च्या दशकात रूबे शहरात निम्म्याहून अधिक वस्ती बेल्जियन होती. १८८६च्या फ्रेंच जनगणनेत बेल्जियन भरले सुमारे ४,८२,०००, आणि तेव्हा अख्ख्या बेल्जियमची लोकसंख्या होती साठ लाखांच्या आत.

हंगामी मजूर याहून वेगळे. आपल्याकडच्या ऊसतोड टोळ्यांसारख्या त्यांच्या टोळ्या मुकादमाच्या हाताखाली फ्रान्समधल्या शेतांवर जात: उन्हाळ्याच्या सुरुवातीला बीटाची विरळणी, मग गव्हाची कापणी, शरदात बीट उपटणं. मजुरी उक्ती.

१८९१नंतर फ्रान्समधला बेल्जियनांचा आकडा झपाट्यानं उतरतो, म्हणून ‘सगळे परत गेले’ असंही सांगतात. काही परतले हे खरं. पण १८८९च्या नागरिकत्व कायद्यानं फ्रान्समध्ये जन्मलेली त्यांची पुष्कळ मुलं फ्रेंच ठरली. माणसं तिथंच राहिली, जनगणनेतला रकाना बदलला.

काँगोबद्दल फार लिहायला नको. तिथली बेल्जियन संख्या अगदी शेवटी, १९५९मध्ये, ८९,००० च्या आसपास होती. त्यांत बरेचसे अधिकारी, कंपन्यांचे नोकर आणि मिशनरी. रूबेच्या गिरणीकामगारांची आठवण कोणी काढत नाही, याचं वाईट वाटतं.

आता जहाजं. अँटवर्पहून जहाजं सोडणाऱ्या रेड स्टार लाइन कंपनीनं १८७३ ते १९३४ या काळात सुमारे वीस लाख प्रवासी नेले आणि त्यांतले बहुतेक पूर्व युरोपातले होते, इथवर बरोबर. पण बेल्जियन त्याच्या वीस वर्षं आधीच गेले होते. १८५३ला बेल्जियमच्या ग्रे-द्वासो भागातली वालून (दक्षिण बेल्जियममधली) शेतकरी कुटुंबं अँटवर्पहून निघाली आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बेच्या ईशान्येला जंगल तोडून वसली. ८ ऑक्टोबर १८७१च्या पेश्टिगो वणव्यात त्यांची लाकडी घरं जळाली. पुढची घरं बरीचशी लाल विटांची. काही ठिकाणी आत ओंडक्यांचीच भिंत, बाहेरून विटेचा थर. मागं उन्हाळी स्वयंपाकघर आणि त्याच्या भिंतीबाहेर फुगलेली पावाची भट्टी. नामूर, ब्रसेल्स, रोझिएर ही गावं त्या भागात आजही आहेत. पेन्सिल्व्हेनियातल्या शार्लरॉय या काचगावाचं नावही बेल्जियममधल्या काचेच्या शहरावरून पडलेलं. डेट्रॉइटमध्ये फ्लेमिश (फ्लँडर्सच्या लोकांचं) वृत्तपत्र १९१४पासून २०१८पर्यंत निघत होतं.

कोणाला स्वतः पडताळायचं असेल तर प्रवासी याद्यांपासून सुरुवात करू नका. अँटवर्पच्या जुन्या याद्या जवळजवळ सगळ्या नष्ट झाल्या आहेत. १८४६पासून प्रत्येक नगरपालिकेनं ठेवलेली लोकसंख्या नोंदवही घ्या. त्यात कुटुंबागणिक पान असतं आणि गाव सोडल्याची तारीख व पुढचं ठिकाण यांचे रकाने असतात. रकाना कोरा असला तर ‘गेलाच नाही’ असं समजू नका. सरहद्द पायी ओलांडणारे अनेक जण न कळवताच जात. त्यांचा माग रूबेच्या जन्म-विवाह नोंदींत, आईबापांच्या जन्मगावावरून लागतो.