धूर काढणाऱ्या पाहुण्यास चार हिताच्या गोष्टी

तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोरच्या लॉजवर उतरलात की काउंटरच्या मागे, गणपतीची तसबीर आणि कृषी केंद्राचे कॅलेंडर यांच्या मधोमध, ‘खोलीत धूम्रपान करू नये, केल्यास सफाईचे 1000 रुपये वसूल केले जातील’ अशी एक पाटी दिसेल. ती वाचू नये. ती इतरांसाठी असते. आपल्यासाठी असती, तर झेरॉक्ससाठी आधार कार्ड मागताना मॅनेजरने तसे तोंडाने सांगितले असते. आणि त्याने सांगितलेच, तर ‘मी तर सुपारीही खात नाही’ असे म्हणून रजिस्टरवर सही ठोकावी. हे म्हणताना शर्टाच्या खिशातले पाकीट वर डोकावणार नाही, एवढी काळजी घेतली म्हणजे पुरते.

पाटी वाचली गेलीच, तर दबून जाण्याचे कारण नाही. ती मोजायला घ्यावी. 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे धूम्रपानबंदीची पाटी पांढऱ्या पार्श्वभूमीची आणि किमान 60 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटर आकाराची असावी लागते, शिवाय तक्रार कोणाकडे करायची त्याचे नावही दिसेल असे लावावे लागते. लॉजमालकाची पाटी लग्नपत्रिकेच्या उरलेल्या पुठ्ठ्यावर स्केच पेनने लिहिलेली असते. तेव्हा पाटीच बेकायदा आहे, आणि बेकायदा पाटी पाळणे हे जागरूक नागरिकाला शोभत नाही, असा युक्तिवाद तयार ठेवावा. काउंटरवर मोजपट्टी मागितली तर आणखी उत्तम. निम्मे मॅनेजर तिथेच गार पडतात.

कायद्याचे ज्ञान असणे हे चांगल्या पाहुण्याचे लक्षण आहे, मात्र ते अर्धेच असावे. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी घातली, आणि हॉटेलांपैकी 30 किंवा त्याहून अधिक खोल्या असलेल्यांनाच वेगळी सोय करण्याची सवलत ठेवली. तशा खोल्यांची एका मजल्यावर किंवा एका बाजूला स्वतंत्र रांग हवी, त्यांवर तसे लिहिलेले हवे, आणि तिथला धूर थेट बाहेर गेला पाहिजे, इतरांच्या वाट्याला येता कामा नये. आपल्या लॉजला एकूण चौदा खोल्या, त्यांतल्या दोन मालकाच्या मेहुण्याने कायमच्या अडवलेल्या. म्हणजे इथे ‘स्मोकिंग रूम’ नावाची वस्तू कायद्याने संभवतच नाही. हा अर्धा भाग विसरावा. लक्षात ठेवायचा तो एवढाच, की या गुन्ह्याला दंड फार तर 200 रुपये आहे. मग सकाळी हिशेबाच्या वेळी, मागे चार माणसे उभी असताना, मोठ्याने विचारावे: ‘सरकार दोनशे घेते, तुम्ही हजार कोणत्या कलमाखाली घेता?’ दोनशे हा गुन्ह्याचा दंड आणि हजार ही खोली पुन्हा माणसात आणण्याची, आपणच सही करून कबूल केलेली भरपाई, हा फरक सांगता येईल असा माणूस काउंटरवर सहसा नसतो. तिथे पोलीस भरतीची तयारी करत रात्रपाळी करणारे पोरगे असते. त्याला मैदानी चाचणीचे गुण तोंडपाठ असतात, कराराचा कायदा नसतो.

मालकाच्या बाबतीत फार हळवे होण्याचे कारण नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. ज्या नियमाने पाटी लावायला सांगितली, त्याच नियमाने ॲशट्रे, काडेपेटी, लायटर असले काहीही न पुरवण्याचीही तंबी दिली आहे. आणि तरीही पलंगाशेजारच्या टेबलावर स्टीलची वाटी उपडी घातलेली असते, जिच्या बुडाशी काळे डाग असतात. कंत्राटदार, कोणाचे तरी पीए किंवा पांढऱ्या गाडीतून उतरलेले ‘भाऊ’ आले, की हाच मालक ती वाटी स्वतः सुलटी करून ठेवतो आणि पोऱ्याला पानठेल्यावर पिटाळतो. राज्यात 2020 पासून सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी आहे, म्हणून पानठेलेवाला एक सिगारेट देताना इकडेतिकडे पाहतो आणि मग देतो. हजार रुपयांची पाटी भाऊंना दिसत नाही. ती एसटीने आलेल्यांना दिसते. तेव्हा आपणही उतरताना गाडीतून उतरावे, निदान तसे वाटावे अशा बेताने लॉजच्या पायऱ्या चढाव्यात.

आता प्रत्यक्ष ओढण्याकडे वळू. इथे विदर्भाचा उन्हाळा आणि कूलर हे दोघे आपले मोठे साथीदार आहेत. कूलर बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून ओढून खोलीत ढकलतो, आणि ती बाहेर पडायला वाट नसेल तर खोली नुसती दमट होते, म्हणून दाराची फट मोकळी ठेवावी लागते, हे आपल्याकडे पोरांना शाळेत जाण्याआधी कळते. कायद्याला अपेक्षित असलेल्या धूम्रपानकक्षाच्या हे सगळे बरोबर उलटे आहे, आणि त्यातच आपली सोय आहे. कूलर मोठ्यावर करून पलंगावर मांडी घालून बसावे आणि निवांत झुरके घ्यावेत. धूर आपल्याकडे थांबत नाही. तो दाराखालून व्हरांड्यात जातो, व्हरांड्याला दुसऱ्या टोकाला खिडकी नसते, म्हणून समोरच्या खोलीच्या दाराखालून आत शिरतो, जिथे एक मुलगी दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेसाठी वडिलांसोबत मुक्कामाला आलेली असते आणि तिच्या खोलीतला कूलर बंद पडलेला असतो. थोड्या वेळाने तिचे वडील बनियनवर बाहेर येतील आणि म्हणतील, ‘कोन सिगरेट पेऊन राह्यलं जी?’ अशा वेळी दार लावून बसणे ही कच्च्या माणसाची खूण होय. आपणही बाहेर यावे, नाकाला रुमाल लावावा आणि म्हणावे, ‘हो ना जी काका, मले बी केव्हाचा वास येऊन राह्यला. लोकायले काही समजतच नाही.’ मग दोघांनी मिळून मॅनेजरला हाक मारावी. नियमाप्रमाणे तक्रारीवर काही न करणाऱ्या मालकाला किंवा व्यवस्थापकालाही दंड होऊ शकतो, हे त्याला त्या काकांदेखत ऐकवण्याची संधी सोडू नये.

झोपताना सिगारेट विझवण्याच्या भानगडीत पडू नये. लॉजच्या गाद्या आपल्याच मातीतल्या कापसाच्या असतात, आणि कापसाची गादी एकदम भडकत नाही, ती आतल्या आत तासन्‌तास धुमसते. म्हणजे निर्णय घ्यायला वेळ मिळतो. जळका वास येऊ लागला तर मगाने पाणी ओतावे, गादी उलटी करावी आणि वर चादर नीट ताणून घालावी. भोक खालच्या बाजूला गेले, की ते मागच्या पाहुण्याचे झाले.

वासाच्या बंदोबस्तासाठी बॉडी स्प्रे, उदबत्ती आणि डांबरगोळी यांची शिफारस जाणकार करतात. यांनी वास जात नाही, नुसते वास वाढतात, पण प्रयत्न केल्याचे समाधान मिळते. धुरातले निकोटिन हवेबरोबर निघून जात नाही. ते पडद्यावर, उशीच्या कापसात आणि भिंतीच्या रंगावर बसून राहते, आणि हवेतल्या नायट्रस आम्लाशी त्याचा संयोग होऊन कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स तयार होतात, असे 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. परंतु त्या कॅलिफोर्नियाच्या भिंती. आपल्याकडच्या भिंतींनी याहून बरेच काही पचवले आहे.

सफाईवाली मावशी सकाळी खोली उघडते, दारातच पदर नाकाला लावते आणि पहिल्यांदा कूलरच्या टाकीत हात घालून फुगलेली थोटके बाहेर काढते. मग पडदे कड्यांतून सोडवते, गादी दोघींनी धरून जिन्याने गच्चीवर नेतात, उशा उन्हात मांडतात, आणि ती ओल्या फडक्याने भिंत पुसायला लागली की फडके चहाच्या रंगाचे होते. मे महिन्यात पडदा तासाभरात वाळतो. श्रावणात दोन दिवस वाळत नाही, आणि तोवर ती खोली भाड्याने देता येत नाही. हे सगळे ऐकून मन द्रवलेच, तर त्याचाही उपयोग करून घ्यावा. ‘हे हजार रुपये त्या मावशीला मिळणार आहेत का? नाही ना? मग मी का द्यावेत?’ असे काउंटरवर गहिवरून विचारावे. मालकाकडे याला खरोखरच उत्तर नसते, कारण मावशीला त्यांतले दहाही मिळत नाहीत. गरिबांविषयीचा हा कळवळा दाखवून झाल्यावर डिपॉझिट पूर्ण परत घ्यावे आणि मावशीच्या हातावर काही न ठेवता निघावे.

ज्यांना हे सर्व वादविवाद झेपत नाहीत, त्यांनी लग्नसराईत प्रवास करावा. जानोशाच्या खोल्यांत धूर काढण्यासारखे सुख नाही, कारण खोल्या मुलीच्या बापाने घेतलेल्या असतात, डिपॉझिट त्याचे असते आणि नाव आपले कुठेच नसते. नवरदेवाचा मामा, मावसा आणि त्यांचे ऑफिसातले मित्र एका खोलीत आठ जण बसून पत्ते कुटत असतील, तर मॅनेजर दार वाजवून फार तर एवढेच म्हणेल, ‘भाऊ, थोडं बाहेर जाऊन प्या ना.’ त्याला ‘वरातीतले आहोत आम्ही’ एवढे सांगितले की पुरते. दुसऱ्या दिवशी पोरीची पाठवणी झाल्यावर, डोळे पुसत, कापूस विकून आलेल्या पैशांतून तो बाप आचारी, मंडपवाला आणि बँडवाला यांच्या रांगेत लॉजवाल्याचेही पैसे मोजतो, आणि पाच खोल्यांचे पाच हजार कसले, हे विचारण्याच्या मनःस्थितीत तो नसतो. व्याह्यांच्या माणसांबद्दल तक्रार करण्याची तर त्याची छातीच होत नाही. मानपान म्हणतात तो हाच.

खर्रा खाणाऱ्यांना मात्र या लेखाची गरज नाही. पाटीवर धूम्रपान लिहिले आहे, खर्ऱ्याला धूर नसतो. पन्नीत घोटलेली तंबाखू, सुपारी आणि चुना तोंडात टाकून कोणत्याही खोलीत राजरोस बसावे. पन्नी संडासात टाकून पाणी सोडावे, म्हणजे खालच्या मजल्यावर पाणी तुंबल्यावर तिचे दर्शन होईल. आणि वॉश बेसिनपर्यंत जायचा कंटाळा आला, तर पलंग आणि भिंत यांच्यामधली जागा त्यासाठीच सोडलेली असते.

एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. आपले हे कौशल्य सगळीकडे चालत नाही. शेगावच्या भक्तनिवासात शिरण्याआधी भले भले पाकीट फाटकाबाहेर टाकून देतात, आणि मोहर्लीच्या गेटवरून ताडोबात शिरणारा माणूस सफारी संपेपर्यंत सिगारेटचे नावही काढत नाही, गाइडने नुसते वळून पाहिले तरी ओशाळतो. तिथे मोजपट्टी काढण्याची बुद्धी होत नाही. जिथे आपल्याला खरोखर बाहेर काढतील अशी खात्री असते, तिथे आपल्याला सिगारेटवाचून बारा तास सहज राहता येते, ही गोष्ट घरी कळू देऊ नये.

काही अतिशहाणे पाहुणे खोलीत शिरताच आधी नाक लावून पाहतात, जुना वास आला तर लगेच खाली जाऊन सांगतात, गादीच्या भोकाचा आणि वाटीतल्या राखेचा फोटो काढून मॅनेजरला पाठवतात आणि दुसरी खोली मागून घेतात. असे केल्याने आदल्या पाहुण्याच्या धुराचे पैसे त्यांच्याकडून कोणी वसूल करू शकत नाही, हे खरे. आणि तसे वसूल करणारे मालक आहेत, हेही खरे. पण सगळेच असे वागू लागले, तर आपण उलटी करून ठेवलेली गादी कोणाच्या नावावर जायची? म्हणून ही सवय लागू देऊ नये.

राहता राहिला निरोप. गाडी सुटली, की मोबाइल काढून लॉजला एक तारा द्यावा आणि सविस्तर लिहावे: कर्मचारी उद्धट, मालक पैशाचा लोभी, कूलरच्या पाण्याला घाण, पडद्यांना सिगारेटचा उग्र वास, कुटुंबासोबत राहण्यास अयोग्य. सोबत पिवळ्या भिंतीचा फोटो जोडावा. पुढच्या गावी खोली ठरवताना मात्र आधीच फोन करून, धूम्रपान न करणाऱ्यांचीच खोली द्या, असे मॅनेजरला बजावून सांगावे, कारण दुसऱ्याने ओढलेल्या सिगारेटच्या वासाने आपले डोके उठते.